उतारावरचा सरळ खांब

समजा, तुम्ही घर घ्यायला निघालात. राहायला नव्हे, भाड्यानं द्यायला. शनिवारची सकाळ, घरासमोर फुटपाथवर वीसेक माणसं, मधोमध लिलाव पुकारणारा. तुमचा हात वर गेला आणि हातोडा पडला की घर तुमचं. घरी जाऊन विचार बदलायची सोय नाही. आता करा बघू हात वर.

मेरिनला तो करवत नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टमध्ये एकवीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती. ब्रेक दाबताना गुडघ्यातून कळ यायची. दोन-तीन वर्षांत बस सुटणार, मग याच घराच्या भाड्यावर दिवस काढायचे. दुसरा आधार नव्हता. घर नीटनेटकं होतं. फक्त मागचं अंगण घसरगुंडीसारखं ओढ्यापर्यंत उतरत गेलं होतं. पाहणी करणाऱ्यानं अहवालात लिहिलं होतं, ‘गवत फार वाढल्यामुळे मागची जमीन तपासता आली नाही.’

तिचे वडील काँक्रीटचं काम करायचे. ते सांगायचे, "भिंतीला रंग फासता येतो गं. आधी मागचा कपडे वाळवायचा खांब बघ. तो कलला असेल तर जमीन सरकतेय. उलट्या पावली परत ये."

उतारावर तो खांब होता, वर दोऱ्यांची फिरती छत्री असलेला. मेरिननं त्याला तीनदा ओळंबा लावून पाहिला होता. तिन्ही वेळा सरळ. तरी रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता.

"एकदा... दोनदा..."

हात वर गेला. आपलाच आहे, हे तिला जरा उशिरा कळलं. हातोडा पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तिनं सह्या केल्या. मग मोकळी हवा घ्यायला ती मागे आली.

कुंपणापलीकडे शेजारचे म्हातारे ऑसी टोमॅटोला काठ्या बांधत होते.

"अभिनंदन करू की सांत्वन, पोरी?"

"ठरायचंय अजून. खांब सरळ आहे, तेवढाच धीर."

"सरळ नसेल तर काय! तुझ्या आधीचा मालक कीथ दर चार-पाच वर्षांनी नवा रोवायचा. बायको तोंडाचा पट्टा सोडायची ना! म्हणायची, तुझ्या वाकड्या खांबापायी माझ्या चादरी गवत पुसतात." ऑसी खो खो हसले. "जागा मात्र तीच हवी बाईंना, स्वयंपाकघरातून दिसणारी. जुना बुंध्याशी कापायचा, नवा तिथंच. मरायच्या आदल्या वर्षीही रोवला पठ्ठ्यानं."

मेरिन गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसली. खांबाच्या खालच्या अंगाचं गवत तिनं दोन्ही हातांनी उपटलं. काँक्रीटचा गोल गट्टू लागला, तिरका, मधोमध कापलेल्या नळीचं गंजकं तोंड. त्याच्या खाली दुसरा. आणखी खाली तिसरा. सगळे एका ओळीत, ओढ्याकडे चालत निघालेले.

खांबापासून घर दहा पावलांवर. मागच्या दाराच्या पायऱ्या तेवढ्या कोऱ्या पांढऱ्या दिसत होत्या. सकाळी त्याच तिला आवडल्या होत्या.

"ऑसी," तिनं पायऱ्यांकडे बोट दाखवलं, "आणि या पायऱ्या? या कीथनं किती वेळा बांधल्या?"