गुंडाळलेल्या मिती

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्या नवऱ्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ओळखही उरली नसावी, असं डॉक्टर म्हणाले. डोळे तेवढे उघडे असायचे. मी जाफराबादच्या कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचे. सकाळी ह्यांचं अंग पुसायचं, पेज भरवायची, शेजारच्या काकूंना बसवून तास घ्यायला पळायचं. दुपारी आल्यावर पुन्हा तेच.

रविवारी ह्यांचे एक बालमित्र यायचे. दोघं धावड्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. ते नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात होते, आणि वाचनाचं भारी वेड. जगात लांबी, रुंदी, उंचीच्या पलीकडेही मिती असाव्यात, फक्त त्या इतक्या बारीक गुंडाळलेल्या की दिसत नाहीत, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. माणसाची जाणीव तिथंच राहत असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. ह्यांच्या उशाशी बसून ते तासन्‌तास हे सगळं समजावून सांगायचे. मी स्वयंपाकघरात सतरंजी टाकून पडायचे. आठवड्यात तेवढीच काय ती झोप.

एकदा मी चहा घेऊन गेले, तर त्यांनी विचारलं, "वहिनी, हा तर तुमचाच विषय. ह्यो तिथं आसंल, हे शक्य हाये का न्हाई?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण खोटं सांभाळायचीही ताकद उरली नव्हती. म्हणाले, "भाऊजी, त्या मिती अजून गणितातच आहेत. कुणी पाहिलेल्या नाहीत. आणि त्या गणितात माणसाच्या मनाला कुठंच जागा नाही."

त्यांनी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मंग मी कुणाशी बोलून राह्यलो?"

मी चहा त्यांच्या हातात दिला आणि आत गेले.

पुढच्या रविवारी ते येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. ह्यांची कूस बदलायला मदत केली आणि पेपर उघडून गप्प बसले. घर इतकं शांत झालं की मला झोप लागेना. असे तीन-चार रविवार गेले. शेवटी मीच बाहेर येऊन म्हणाले, की ह्यांच्याशी बोलत जा, काहीही बोला.

"पण तुमीच तर म्हणल्या व्हत्या..."

"मी गणिताचं सांगितलं. ह्यांचं मला ठाऊक नाही."

मग ते बोलायला लागले. मितींचं नाही, नदीत पोहल्याचं, गुरुजींच्या माराचं, बाजारातल्या जिलबीचं. ऐकता ऐकता मला झोप लागली.

पुढच्या उन्हाळ्यात हे गेले. माणसं पांगल्यावर मी दोन दिवस नुसती झोपून होते. रडू फार उशिरा आलं, जूनमध्ये, बारावीच्या वर्गात फळा पुसताना. मी तोंड धुऊन आले आणि राहिलेला तास घेतला.