भिंतीकडे तोंड करून

"ही बाई भिंतीशी काय बोलतेय? वेडी आहे का?"

डाक्टरनं असं विचारलं अन् त्याच्या भोवतालचे शिकाऊ पोट्टे खदखदा हासले. मी खाटेवर पडून होती. नववा महिना. पोटावरचं लुगडं सारलेलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात, दिवसाढवळ्या, इतक्या परक्या माणसायसमोर उघडं पोट. अन् हे हासून राहिले.

मी वेडी नव्हती बाप्पा. खाटेच्या पायथ्याशी माहे भासरे उभे होते, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्या नरखेडकडच्या गावात सून भासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. बोलणं अडलंच तर पदर तोंडावर ओढायचा, भिंतीकडे वळायचं अन् हळूच सांगायचं. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकून घ्यायचं. लग्न झाल्यापासून मी असंच बोलत आली. नवरा संत्र्याच्या ट्रकवर कलकत्त्याले गेलता, सासूचे गुडघे धरलेले. म्हणून भासऱ्यायनं मले एस्टीनं आणलं. संग बाईमाणूस कोणी नाही.

तं मी भिंतीले सांगतलं, "लेकरू पहिल्यासारखं हालून नाही राहिलं. काहून तं पाहा."

"हालून नाही राह्यलं!" डाक्टरनं नाकातून माही नक्कल केली. पुण्याकडून बदलून आलता तो. मंग म्हणे, "शुद्ध बोल, बाई. माणसाच्या भाषेत बोल."

पोट्टे पुन्हा हासले. त्यातले दोघं-तिघं तं आमच्याच इकडचे असतीन. घरी मायसंग असंच बोलत असतीन. पण इथं पांढरा कोट घातला, तं मायची बोली हासण्यावारी नेली.

माह्या अंगात वीज गेल्यासारखी झाली. लाज. राग नाही, नुसती लाज. माहं तोंडच बंद झालं. डाक्टर पोटावर बोट ठेवून पोट्ट्यायले इंग्रजीत सांगत होता. माह्याच पोटाची गोष्ट, माह्याच पोटावर, अन् मले एक शब्द समजू नये! मंग त्यानं भासऱ्यायले विचारलं, "काही तक्रार आहे का हिची?"

मी जे भिंतीले सांगतलं ते भासऱ्यायसाठीच होतं. त्यायनं ऐकलंही होतं. पण भावसुनेच्या पोटातलं परक्या माणसापाशी कसं बोलावं? त्यायनं हात जोडले. "नाही साहेब. सब बराबर आहे."

झालं. सब बराबर. पुढच्या खाटेवर गेले सगळे.

दुपारी सिस्टर आली. केरळची होती, तिले मराठी येत नव्हती. भासरे बाहेर गेलते, म्हणून मी तिचा हात धरून पोटावर ठेवला अन् मान हालवली. तिनं तोंडाकडे पाहलं माह्या. घाबरली असन. जाऊन कोणाले तरी सांगून आली, अन् परत येऊन म्हणे, "कल. डाक्टर कल आएगा." बिचारीचं ऐकतं कोण!

सकाळी तोच डाक्टर, तेच पोट्टे. त्यानं लेकराचे ठोके आयकायची लाकडाची नळी पोटावर लावली. इकडे लावली, तिकडे लावली. मंग पुन्हा पहिल्या जागी. यावेळी कोणी इंग्रजी बोललं नाही. मले कोणी सांगायची गरज नव्हती. मी रातभर पोटावर हात ठेवून होती. मले माहीत होतं.

तो ताठ झाला अन् भासऱ्यायवर ओरडला. "हालचाल बंद झाली हे वेळेवर सांगायला काय झालं? तुम्हा खेड्यातल्या लोकांना तोंडं नाहीत का?"

अन् माह्या भासऱ्यायनं, गावात ज्यायच्यापुढे पंचायत उभी राह्यची त्या माणसानं, पुन्हा हात जोडले. "चुकलं साहेब. बाई बोललीच नाही."

तेव्हा माह्या डोक्यातलं काही तरी फुटलं. मी उठून बसली. पदर ओढून काढला तोंडावरचा. अन् जल्मात पहिल्यांदा त्यायच्याकडे तोंड करून बोलली.

"भाऊजी, हात खाली करा."

मंग मी डाक्टरकडे वळली.

"मी काल सांगतलं," मी डाक्टरले म्हणलं. "इथंच सांगतलं. लेकरू हालून नाही राहिलं म्हणलं. तुम्ही माही नक्कल केली. अन् तुम्ही हासले," मी पोट्ट्यायले म्हणलं. "आता हासा ना. काहून हासून नाही राहिले?"

"आवाज खाली," डाक्टर म्हणे.

"नाही करत. हीच माह्या माणसायची भाषा आहे. तुमची कोणाची आहे?"

तो निघून गेला. माफी नाही, काही नाही.

संध्याकाळी पोरगी झाली. मेलेली. डोकंभर काळं जावळ होतं तिले. भासऱ्यायनंच तिले फडक्यात घेतली अन् नेली. रडले ते. मी रडली नाही, त्या दिवशी तं नाहीच.

घरी गेल्यावर सासूनं कपाळ बडवलं. भासऱ्यासमोर सून ओरडली, सगळ्या दवाखान्यात इज्जत गेली म्हणे. पोरगी गेली त्याचं एका दिवसात आटोपलं. पदर सरकला त्याचं सालभर पुरलं. मी आयकून घेतलं, पण पदर पुन्हा तोंडावर आला नाही.

तेव्हापासून गावातली कोणतीही बाई नागपूरले दवाखान्यात निघाली की मी संग जातो. कोणाची सून, कोणाची पोरगी, जातपात पाहत नाही. खाटेपाशी उभी राह्यतो. डाक्टर इंग्रजीत बोलला की म्हणतो, हे तिले मराठीत सांगा. तिच्या घरच्या माणसायले विचारलं की म्हणतो, दुखणं तिचं आहे, तिले विचारा. भांडखोर म्हणतात मले. शिपायानं एकदा दंडाले धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दारानं आत गेली.

मांगच्या हप्त्यात एक नवा डाक्टर चिडला. "मावशी, तुम्ही हिच्या कोण?"

"कोणी नाही," मी म्हणलं. "पण ती बोलून राहिली. आधी तिचं आयका. तोवर मी हटत नाही."