‘शी वॉज पनिश्ड’ म्हणणारे आमचे सर

इंग्रजीचे सर आज गेले, नव्वदी पार करून. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.

शाळेच्या ग्रुपवर सकाळपासून हार घातलेला फोटो फिरतोय. टेन्सेस शिकावे तर सरांकडूनच, असं जो तो लिहितोय.

त्या वर्गात मीही होते.

इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती, पण मॅट्रिकला इंग्रजी होतंच. महाल भागातल्या विणकरांच्या वस्तीत आमच्या घरी बाबांचा हातमाग. थोरली बहीण शांता आजारपणात एक वर्ष मागे पडली, म्हणून आम्ही दोघी एकाच वर्गात. सकाळी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, मग शाळेत यायची. तरी इंग्रजीत तीच पुढे.

एकदा सरांनी तिला ‘आय ॲम ईटिंग’चं मराठी विचारलं.

"मी जेवून राहिली."

आमच्याकडे सगळे असंच बोलतात. सर हसले, मग वर्ग हसला. मागावरची भाषा मागावरच ठेवून येत जा, म्हणाले.

शांताने शांतपणे विचारलं, टेन्स तर बरोबर आहे ना सर, मग चुकलं काय?

सरांनी रूळ उचलला. उजव्या हाताच्या बोटांवर मारलं. बोटं इतकी सुजली की तिला कांडी धरता येईना.

बाबा कधी कोणाशी आवाज चढवून बोलले नव्हते. ते आम्हा दोघींना घेऊन थेट हेडमास्तरांकडे गेले.

"माह्या पोरीले काहून मारलं?"

बाबांना कळू नये म्हणून सर हेडमास्तरांशी इंग्रजीत बोलले. "शी वॉज पनिश्ड."

तिला शिक्षा झाली. कोणी केली, ते वाक्यात नव्हतंच. हा पॅसिव्ह व्हॉइस आम्हाला त्यांनीच शिकवला होता.

शांता सुजलेला हात पदराखाली धरून उभी होती.

"बाय हूम, सर?"

कोणाकडून?

सरांचा चेहरा उतरला. हेडमास्तर बाबांना म्हणाले, पोरगी उद्धट आहे, घरीच ठेवा.

सरांनी तेव्हा एक शब्द टाकला असता तर ती शिकली असती. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"चाल बाई," बाबा म्हणाले. शांता पुन्हा शाळेत गेली नाही.

माझं इंग्रजी कच्चं होतं. मागावर बसून तिनेच ते पक्कं करून घेतलं. "पहिले पाह्य वं, काम कोनं केलं. मंग वाक्य फिरव."

मी मॅट्रिक झाले. पेढे घेऊन शाळेत गेले तर सर चार लोकांत सांगत होते, हिचं इंग्रजी मी घडवलं.

"मले शांतानं शिकवलं, सर."

"कोण शांता?" म्हणाले, आणि पेढा तोंडात टाकला.

मी पुढे नोकरी केली, आज पेन्शन खाते. शांताला उमरेडला दिली. जन्म मागावरच गेला तिचा. ती गेली तेव्हा कुठल्याच ग्रुपवर फोटो फिरला नाही.

ग्रुपवाले म्हणतात, दोन शब्द लिहा, काकू.

लिहिले.

सर, तुमच्यासाठी माझे हात जुळत नाहीत. आज घरी फुलं आणली आहेत, ती माझ्या बहिणीला.