नारळावरचा हात

मानपाड्याच्या त्या सोसायटीत कल्पिताच्या घरी देव्हारा नाही, हे तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. चौथ्या मजल्यावर ती ब्लाऊज शिवते. नवरा गेला तेव्हा तिने तेरावं घातलं नाही, म्हणून नणंदेने धरलेला अबोला अजून सुटलेला नाही. सुटायला हवा असंही कल्पिताला वाटत नाही. लहानपणी बाळकुम गावात तिने सख्ख्या काकाला देवापुढच्या नारळावर हात ठेवून धडधडीत खोटं बोलताना पाहिलं होतं, तेही शेजाऱ्याच्या जागेत कुंपण सरकवण्यासाठी. काका पुढे मजेत म्हातारा झाला. तेव्हापासून तिने देवाचं नाव सोडलं, खरं बोलणं मात्र सोडलं नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या देवळातलं चांदीचं छत्र चोरीला गेलं. पुजारी दार उघडं टाकून जेवायला गेला, परतला तर मूर्तीवरचं छत्र गायब. पुजाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. आळ आला वॉचमन चांगदेववर, कारण त्या वेळी तो गेटवर नव्हता.

सेक्रेटरी देवेशने मीटिंग बोलावली आणि गावाकडची रीत काढली. गणपतीपुढे नारळ ठेवला, म्हणाला, "हात ठेव आणि बोल."

"साहेब, मी बौद्ध आहे. असली शपथ घेत नाही मी," चांगदेव म्हणाला. "पण चोरी केलेली नाही."

झालं! हात ठेवत नाही म्हणजे चोर. उद्यापासून येऊ नको, इथवर गोष्ट आली.

"अरे, तो माझ्या घरी होता," कल्पिता उठून म्हणाली. "लिफ्ट बंद होती. माझं शिलाई मशीन उचलून वर आणत होता बिचारा."

"मग काकू, तुम्ही ठेवा हात," देवेश म्हणाला. "ज्याला देवाची भीती नाही, त्याचा शब्द कसा धरायचा?"

कल्पिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात ठेवला असता तर काम झालं असतं, चांगदेवची नोकरी वाचली असती. पण मग शब्द नाही, शपथच खरी ठरली असती, आणि शपथ न घेणारा चांगदेव पुढच्या आळाला पुन्हा होता तिथेच. तिला ते मुळीच मान्य नव्हतं.

ती पुढे गेली आणि नारळावर पंजा टेकवला.

"देवाशपथ सांगते, काल मी चंद्रावर जाऊन आले. येताना कल्याणच्या मार्केटमधून मेथी आणली."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कल्पिताने हात काढून घेतला.

"आता हात काढून सांगते. चांगदेव माझ्या घरी होता. यातलं खरं काय ते तुम्हीच ठरवा."

"काकू, देवाची थट्टा करता?"

"थट्टा तू चालवलीयस! खोटंच बोलायचं असतं तर त्याने कधीच हात ठेवला असता. चोराला काय रे, तो नारळ डोक्यावर घेऊन नाचेल!"

तेवढ्यात गंगुबाई उठल्या. कल्पिताच्या शेजारीण, सोसायटीतल्या सगळ्यात देवभोळ्या, एकही संकष्टी न चुकवणाऱ्या. आता ह्यांचंही ऐकून घ्यायचं, म्हणून कल्पिता कंबर कसून उभी राहिली.

गंगुबाईंनी आधी गणपतीला हात जोडले.

"देवेश, मी गावाला जाते ना, तेव्हा घराची चावी हिच्याकडे ठेवते. खाली देऊळ आहे, पुजारी आहे. तिथे नाही ठेवत."

गंगुबाई चांगदेवकडे वळल्या.

"तू काय बघत बसलास रे? जा, गेटवर कुणी नाहीये."