कोऱ्या लेबलाचे उस्ताद

कुठेही गाणं लागलेलं ऐकलं की उस्ताद एकच प्रश्न विचारायचे, "वाजवलं कुणी?" समोरचा माणूस गायकाचं नाव सांगायचा, फार तर संगीतकाराचं. उस्ताद मान हलवायचे. "गायलं कुणी ते न्हाई इचारलं. मधी ती ट्रंपेट वाजली का न्हाई, ती कुणाची?" ते कुणालाच ठाऊक नसायचं. आमच्या गल्लीच्या तोंडावरचा टपरीवाला तर त्यांना लांबून येताना बघितलं की रेडिओ बंद करायचा. म्हणायचा, "उस्ताद, च्या फुकट घ्या, पर इचारू नका."

मी परळीत आत्याच्या घरी राहून कॉलेज करते. दिवाळी झाली की माझे आई-वडील उसाच्या तोडीला जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. आत्याच्या घराच्या भिंतीला भिंत लागून उस्तादांचं घर होतं. त्यांचा लग्नाचा बँड होता आणि ते त्यात ट्रंपेट वाजवायचे. डीजे आल्यापासून बँडमधली निम्मी माणसं दुसऱ्या कामाला लागली होती. "वरातीत समद्यांच्या पुढं आन् पंगतीत समद्यांच्या मागं," असं ते आपल्या धंद्याबद्दल सांगायचे. त्यात कुरकुर नसायची. आज ऊन लई हाय, असं सांगावं तसं सांगायचे. गल्लीतली लहानथोर सगळी माणसं त्यांना उस्तादच म्हणायची. काकू, म्हणजे त्यांची बायको, जुन्या वळणाच्या. त्या नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आमच्या घरातले आत्ता भाईर गेल्यात."

उस्तादांच्या घरात पत्र्याची एक पेटी होती. आमच्या भागातला एक माणूस जहाजावर स्वयंपाकी होता. तीसेक वर्षांपूर्वी तो वारल्यावर पुतण्याने त्याचं सामान भंगारात घातलं. त्यात ही पेटी होती आणि पेटीत गाण्याच्या लहान लहान तबकड्या. भंगारवाल्याने त्या उस्तादांना दाखवल्या, कारण एकीच्या कागदी पाकिटावर ट्रंपेटचं चित्र होतं. त्या जमैका नावाच्या बेटावरच्या होत्या, आणि त्या संगीताला स्का म्हणतात. हे सगळं आम्हाला फार पुढे कळलं. तोवर उस्ताद त्याला "उलट्या ठेक्याचं" म्हणायचे. "आपला ठेका पाय भुईला लागला की पडतो," ते मला समजावून सांगायचे, "ह्यांचा पाय उचलला की पडतो. ही मान्सं पाय ठिवतच न्हाईत, नुसते उचलत्यात." मग खुर्चीत बसूनच टाचा उचलून दाखवायचे. पुढे कुठल्याही लग्नासाठी हैदराबादच्या बाजूला गेले की तिथल्या जुन्या बाजारात फिरायचे आणि उलट्या ठेक्याची एखादी तबकडी मिळते का बघायचे. वर्षातून एखादीच मिळायची. त्यांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या दांड्याला तबकडीचं मधलं भोक मोठं व्हायचं, म्हणून त्यांनी सुताराकडून लाकडाचा गट्टू करून घेतला होता. परळीच्या हवेत वीज केंद्राची राख असते, ती खाचांत बसते. म्हणून रोज सकाळी धुतलेल्या धोतराच्या मऊ तुकड्याने ते एकेक तबकडी पुसायचे.

तबकड्यांची पाकिटं ते जुन्या लग्नपत्रिका चिकटवून करायचे. ज्या लग्नात वाजवलं त्या लग्नाची पत्रिका जपून ठेवायची, हा त्यांचा नेम. मी एकदा विचारलं, "उस्ताद, पत्रिकाच काहून?" त्यांनी एक पत्रिका माझ्यापुढे धरली. "वाच. मामा हायत, आत्या हायत, ज्याला बोलताबी येत न्हाई त्या भाच्याचं नाव हाय. आचाऱ्याचं हाय का? बँडवाल्याचं हाय का?" मी नाही म्हटलं. "मग आपणच लिहायचं," ते म्हणाले. पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी वळणदार अक्षरात 'ट्रंपेट' असं लिहून पुढे दोन ठिपके दिलेले असायचे. लेबलावरचं इंग्रजी वाचून आणि मोबाईलवर शोधून त्या ठिपक्यांपुढे नाव भरायचं, हे माझं काम झालं. माझं इंग्रजी तेव्हाही कच्चं होतं, आताही आहे. पण उस्तादांना ते पक्कं वाटायचं. "कालिजवाले, बघ बरं," असं म्हणून ते पेटी उघडायचे.

एकदा त्यांनी बँडच्या माणसांना उलटा ठेका शिकवला. वरात निघाली आणि मारुतीच्या देवळापाशी उस्तादांनी खूण केली. नाचणाऱ्यांचे पाय हवेतच अडकले. नवरदेवाचा मामा धावत आला, "ओ बँडवाले, उचकी लागली का बँडला?" ढोलवाला बाबू रडकुंडीला आला. "उस्ताद, मार खायला लावता का आपल्याला!" पण एक म्हातारी बाई पोरासोरांत थांबून नुसत्या टाचा उचलत राहिली. उस्ताद तिचंच सांगायचे, मामाचं नाही. "तिला कळलं," म्हणायचे, "एकीला कळलं."

त्या पेटीतल्या एका तबकडीचं लेबल कोरं पांढरं होतं. तिच्यावर छापील अक्षर नव्हतं. तिच्यातला ट्रंपेटचा तुकडा उस्तादांनी माझ्यासमोर किती वेळा लावला असेल, मला सांगता येणार नाही. सुरुवातीला तो माणूस कुणाला तरी हाक मारल्यासारखा वाजवतो. कुणी ओ देत नाही, मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा खाली येतो. उस्ताद तेवढ्या वेळ श्वास धरून बसायचे. "ह्याचं नाव पायजे मला," ते म्हणायचे. "बाकी कुणाचं न्हाई घावलं तरी चालंल." लेबलावर पेन्सिलने काहीतरी पुसट लिहिलेलं होतं. मी खिडकीशी नेऊन बघितलं. अक्षरं लागली नाहीत. परीक्षा झाल्यावर नीट बघू, असं मी म्हटलं. तेव्हा मी त्याचा एक साधा फोटो काढून ठेवायला हवा होता.

खंडेनवमीला बँडवाले आपल्या वाद्यांची पूजा करतात. त्या वर्षी उस्तादांनी ढोल, ट्रंपेट, झांजा मांडल्या आणि शेजारी तबकड्याही मांडल्या. मला म्हणाले, "औंदा पूजा तू कर. शिकल्याली हायस." माझ्या हातून कधी कुणी पूजा करून घेतली नव्हती. मी मनापासून केली. ढोलाला कुंकू, ट्रंपेटला कुंकू, प्रत्येक तबकडीला एकेक बोट. कोऱ्या लेबलापाशी आले तेव्हा मला वाटलं, हिला नाव नाही, गाव नाही, हिला जरा जास्त लावावं. मी ओलं कुंकू घेऊन लेबलावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. मग माझ्याच लक्षात आलं की खाली पेन्सिल होती. मी घाबरले आणि कुणी काही म्हणायच्या आत ओल्या फडक्याने पुसलं. कुंकू गेलं नाही, गुलाबी डाग पसरला. पेन्सिल मात्र गेली. उस्ताद बघत होते. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्या बिचाऱ्याला कुणी कवा कुंकू लावलं आसंल?"

ते असं म्हणाले म्हणून मला त्या दिवशी झोंबलं नाही. झोंबलं ते पुढे. त्या हिवाळ्यात त्यांचा दम वाढला. डॉक्टरांनी फुंकायचं बंद करायला सांगितलं. ट्रंपेट खुंटीवर गेली आणि उस्ताद दिवसभर दाराशी बसू लागले. मी कॉलेजातून आले की विचारायचे, "घावलं का नाव?" पहिल्यांदा ते हौसेने विचारत, मग घाईने, आणि मग असं, की मला गल्लीत शिरायची भीती वाटायची. एकदा मी आत्याला म्हटलं, मागच्या बाजूने येते. आत्या म्हणाली, "त्यांचं दुसरं काय ऱ्हायलंय गं? जा की सरळ."

मोबाईलवर अशा तबकड्या गोळा करणाऱ्या लोकांचा एक गट मला सापडला. तबकडीतल्या रेघा जिथे संपतात, तिथल्या गुळगुळीत पट्ट्यावर सुईने खरवडलेले आकडे असतात, त्यांचा फोटो पाठवा, असं तिथे कुणीतरी सांगितलं. मी उन्हात तबकडी तिरपी धरून फोटो काढला आणि चुकतमाकत इंग्रजीत लिहिलं. बारा दिवसांनी परदेशातल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, ही बाजारात येण्याआधी काढलेली प्रत आहे. लेबल छापून यायच्या आत अशा मोजक्या प्रती काढत आणि नाचाच्या ठिकाणी वाजवून बघत. हे गाणं पुढे बाजारात आलंच नाही. ज्या स्टुडिओत हे रेकॉर्ड झालं तिथे तेव्हा दोन-तीन ट्रंपेटवाले येऊन वाजवायचे, त्यांतला हा कोण, हे आता सांगता येत नाही. शेवटी एक ओळ होती. अशा प्रतींवर कधी कधी वाजवणाऱ्याचं नाव पेन्सिलने लिहिलेलं असतं, तुमच्या प्रतीवर तसं काही आहे का?

ती ओळ मी आठ दिवस कुणाला सांगितली नाही. दाराशी बसलेले उस्ताद विचारायचे, मी म्हणायचे, "अजून न्हाई." रोज खोटं बोलत होते. लेबलावर टॉर्च मारून बघितलं, मोबाईलमध्ये फोटो काळा-पांढरा करून बघितला, कागदाखाली उठलेली रेघ तरी लागते का म्हणून बोट फिरवलं. गुलाबी डागाशिवाय काही नव्हतं. नवव्या दिवशी मी त्यांच्यापुढे बसले आणि सगळं वाचून दाखवलं. शेवटची ओळ वाचताना मला रडू आलं. म्हटलं, "उस्ताद, नाव होतं. मी पुसलं."

ते बराच वेळ खोकले. काकू पाणी घेऊन आल्या. मग म्हणाले, "रडू नको. तू पुसलं म्हंतीस, पर आदुगर कुणी वाचलं हुतं का? मी तीस वरीस बघतोय, मला तरी वाचाया आलं का?" आणि खुंटीकडे बोट करून काकूंना म्हणाले, "काढ ती." काकू नको नको म्हणत होत्या. त्यांनी ऐकलं नाही. मला तबकडी लावायला लावली आणि तो तुकडा आला तेव्हा ट्रंपेट ओठाला लावली. वर हाक मारायची जागा त्यांना जमली नाही. खाली उतरण्याची जागा जमली. तेवढं वाजवून ते भिंतीला टेकले आणि कितीतरी वेळ त्यांना नुसता श्वास घेता येईना. ते त्यांचं शेवटचं वाजवणं. माझा मोबाईल हातातच होता, पण मला रेकॉर्ड करायचं सुचलं नाही. मला वेळेवर काहीच सुचत नाही.

दोन आठवड्यांनी, सकाळी, काकूंनी भिंतीवर हात मारून आम्हाला हाक दिली. बाबूने रिक्षा आणली. सरकारी दवाखान्यात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, तोंडाला मास्क लावला आणि मला केसपेपर काढायला पाठवलं. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी म्हटलं, "उस्ताद."

"ताई, पूर्ण नाव. कार्डावरचं."

कार्ड घाईत घरीच राहिलं होतं. आडनाव मला माहीत होतं, बँडच्या पाटीवर होतं. त्यांचं स्वतःचं नाव माहीत नव्हतं. मी बाबूकडे बघितलं. वीस वर्षं त्यांच्या शेजारी ढोल वाजवलेला बाबू म्हणाला, "समदे उस्तादच म्हंत्यात की." समुद्रापलीकडच्या एका ट्रंपेटवाल्याच्या नावासाठी मी दोन वर्षं माझं कच्चं इंग्रजी झिजवत होते, आणि माझ्या भिंतीपलीकडच्या ट्रंपेटवाल्याचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं. मागे रांग वाढत होती. काकू माझ्या बाजूला पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"मावशी, तुम्ही सांगा," खिडकीतला म्हणाला. "उखाण्यात घेतलं तरी चालंल, पण लवकर घ्या."

रांगेत कुणीतरी हसलं. काकूंनी एकदा स्ट्रेचरकडे बघितलं. मग पदर तोंडावरून काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "लिंबाजी. लिंबाजी सटवाजी." आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तिसऱ्या दिवशी उस्ताद गेले. कोऱ्या लेबलाची ती तबकडी काकूंनी मला दिली. तिच्या पाकिटावर ट्रंपेटपुढचे दोन ठिपके अजून तसेच आहेत. तिथे दुसऱ्या कुणाचं नाव भरायचा मला हक्क नाही, आणि खरं नाव आता मिळायचं नाही. मी अजूनही त्या गटात अधूनमधून विचारते.

पण त्या सकाळी मी केसपेपर घेऊन स्ट्रेचरपाशी गेले तेव्हा उस्तादांचे डोळे उघडे होते. काकूंची हाक त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी मास्क थोडा बाजूला केला.

"लिव्हलंस का नाव?"

"लिव्हलं, उस्ताद."

त्यांनी श्वास गोळा केला. "पेनानं लिव्हलंस नव्हं?"

"पेनानंच, उस्ताद," मी म्हटलं, आणि कागद त्यांना दिसेल असा वर धरला.