सलाईन लावलेलं पिल्लू

काल मांजरीला लस टोचून घ्यायला नेलं आणि दवाखान्यातल्या स्पिरिटच्या वासाने मैसूरमधलीच एक जुनी दुपार आठवली.

बन्नूरहून आणलेलं आमचं कुत्र्याचं पिल्लू घरी येताच रक्ताची हगवण लागून निपचित पडलं होतं. सलाईन लावून डॉक्टर एवढंच म्हणाले, "नोडोणा." बघू या. कुत्रं नकोच म्हणणारे बाबा शिवणकाम टाकून आले होते. त्याचा थंड पंजा धरून ते पुटपुटत होते, "हे तरी राहू दे, देवा."

आईला जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते.

संध्याकाळी पिल्लाने त्यांच्या तळहातावरचं पाणी चाटलं. "सुमे, चाटतंय गं!" म्हणत बाबा ढसाढसा रडले. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते. पिल्लूच त्यांना जास्त प्यारं, असं वाटून मी रुसले होते. आता कळतं, ते रडणं आईसाठीचंच होतं.