मीना बाजारातली हाक

माझ्या सासूबाईंचं नाव दुर्गेश्वरी. मला ते लग्नपत्रिकेवरून कळलं, कारण घरात ते कोणी घेतच नाही. फुलचूरमध्ये त्या ओमेशची माय, बिरसीच्या शेतावर दुकानवाल्याची बाई आणि सासऱ्यांसाठी नुसतं ‘अवं’. नवराबायकोनं एकमेकांचं नाव घेतलं की आयुष्य घटतं, असं कुण्या आजेसासूनं सांगून ठेवलं होतं. सासरे, म्हणजे ईश्वरदास, पोहे-मुरमुऱ्याचं दुकान चालवतात आणि ठेक्याच्या शेतात धान, म्हणजे भात, करतात. बाकी कुठल्या नेमाचं त्यांना फारसं पडलेलं नाही, पण हा एक त्यांनी लग्नापासून जिवापाड सांभाळला.

धानाची मळणी उरकली तेव्हा मीच टुमणं लावलं की या शनिवार-रविवारी आपलंच गोंदिया फिरायचं. ओमेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दुकानावर बसवलं. सासूबाईंचं गोंदिया म्हणजे घर, शेत आणि बाजारातली दोन ठरलेली दुकानं. बागेजवळच्या चौपाटीवर लोक खातात हे त्यांनी ऑटोतून जाता जाता पाहिलं होतं, तेवढंच. सासरे कुरकुरले, आपल्याच गावात फिराले आपण काय पाहुणे आहोत? तरी आले. बाहेरचं खायचं नाही म्हणून दोन्ही दिवस पिशवीत घरचा डबा घेतला आणि मोबाइल दुकानातच विसरले.

शनिवारी चोरखमाऱ्याच्या तलावावर गेलो. काठाच्या पाळीवरून चालायला इतकं छान होतं, पण आमची वरात बघण्यासारखी. सासरे पुढे, हात मागे बांधून. सासूबाई दहा हात मागे. मागे वळून न पाहण्याची त्यांची जुनी सवयच. पाण्यातले पक्षी, पलीकडचं जंगल, यंदाचं पीक, सगळ्यावर ते बोलत होते, पण समोरच्या वाऱ्याशी. माझं डोकं तापलं. बायकोला फिरायला आणलंय की पहाऱ्याला, असं ओठांवर आलं होतं. सुनेनं किती बोलावं म्हणून गिळलं.

सासूबाई मात्र पाळीखालच्या धानाच्या बांध्यांकडे, त्या चौकोनी वाफ्यांकडे, बघत थांबल्या होत्या. त्यांचे वडील बकाराम असेच बांधीत उभं राहून लेकीला जेवायला हाक मारत, असं त्या सांगू लागल्या.

“पुरं नाव घेत. दुर्गेश्वरीऽऽ म्हणून. साऱ्या टोल्यावर, घराघरात आयकू जाये. बाबा गेले तवापासून मले तशी हाक कोणी मारली नाई पोरी. एक खेप आयकाची आहे, बस.”

मी म्हटलं, मग ओमेशच्या बाबांना सांगा ना. त्यांनी मान हलवली.

“मागून घेतलेली हाक काय कामाची?”

रात्रभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

रविवारी संध्याकाळी चौपाटीवर सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा आलूबोंडा उभ्यानं खाल्ला. सासऱ्यांनी डबा उघडला, आजूबाजूला पाहिलं, बंद केला आणि त्यांनीही दोन खाल्ले. तिथून मैदानावरच्या मीना बाजारात गेलो. दिवे, गर्दी, आकाशपाळणा, माइकवर ओरडणारा माणूस. सासरे सवयीप्रमाणे पुढे चालत, मागे न पाहता, बायकोशी बोलत गेले. आम्ही गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाड्यापाशी थांबलो होतो. त्यांना ठाऊकच नाही.

थोड्या वेळानं माइक गरजला, “ओमेश की माँ, जहाँ भी हों, बड़े झूले के पास आ जाएँ.”

मी म्हटलं, चला आई. सासूबाईंनी माझा हात धरला आणि गाडेवाल्यापुढे द्रोण केला. अजून एक गुपचुप. त्यांच्या चेहऱ्यावर असा हट्ट मी कधी पाहिला नव्हता.

“फुलचूर के दुकानवाले की घरवाली...”

त्या खात राहिल्या. तिखटानं की कशानं, डोळ्यांत पाणी होतं. मला सासऱ्यांची दया यायला लागली. गर्दी वाढत होती आणि तो माणूस बिचारा झुल्याखाली घाबराघुबरा झाला असणार. पण मीही जागची हलले नाही.

माइक खरखरला. मग हिंदी थांबली आणि आमच्या घरातला आवाज आला. फाटलेला, घाबरलेला.

“दुर्गेश्वरी.”

द्रोण त्यांच्या हातातून पडला.

“दुर्गेश्वरी, मी झुल्यापासी उभा आहो. तू दिसून नाई राहिली. ये वं, दुर्गेश्वरी.”

अख्ख्या मैदानानं ऐकलं. आमच्या शेजारची एक बाई हसली. सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं, ताठ झाल्या आणि निघाल्या. मी मागे धावत होते. गर्दी आपोआप बाजूला होत होती, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मला इतका आनंद झाला होता की मी वाटेत अनोळखी माणसांना सांगत सुटले, ह्याच दुर्गेश्वरी, ह्या माझ्या सासूबाई.

सासरे माइकवाल्याजवळ घामाघूम उभे होते. बायकोला पाहून आधी त्यांचा जीव भांड्यात पडला आणि मग आपण काय करून बसलो ते ध्यानात आलं. नाव घेतलं, आता काही भलतंसलतं झालं तर, असं ते पुटपुटू लागले.

“काई होत नाई, ईश्वरदास,” सासूबाई म्हणाल्या. “चला, झुल्यात बसू.”

सासरे तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. माइकवाला हसायचा थांबेना. पण ते गेले. पाळण्याची बैठक दोघांपुरतीच, तिथं पुढे चालायला जागाच नव्हती. पिशवी मांडीवर घेऊन सासरे बायकोच्या खांद्याला खांदा लावून बसले. पाळणा वर चढला आणि वरून, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असा, सासूबाईंचा आवाज आला.

“ईश्वरदास, तिकडं पाहा जी, आपलं फुलचूर!”